नव्या गाडीचा रंग: धुण्याची रीत आधी, लेप नंतर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गडद रंगाची नवी गाडी ताब्यात येऊन दोन आठवडे झाले, आतापर्यंत ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसली आहे, विक्रेत्याने सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर कडक होऊन बसणाऱ्या संरक्षक लेपाचा, आग्रह धरला आहे, एका परिचिताने पहिले काही महिने वॅक्स लावूच नका असे सांगितले आहे, आणि आता उन्हात पाहिल्यावर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसू लागल्या आहेत. या रेषा कशाने आल्या, गाडी कशी धुवावी आणि रंगावर काय लावावे, असे आपण विचारले आहे. गाड्यांच्या रंगाची निगा राखणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल. पण या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती त्याच क्रमाने समजून घेतली तर पुढचे बरेच नुकसान टळेल.

आधी त्या रेषांविषयी. गाडी ताब्यात देण्यापूर्वी ती घाईने धुतली-पुसली जाते, तेव्हा काही चरे पडलेले असू शकतात. परंतु आपल्या वर्णनावरून बहुतेक रेषा रोजच्या पुसण्याने पडल्या असाव्यात. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरचे बहुसंख्य चरे रस्त्यावर पडलेले नसतात, ते गाडी स्वच्छ करतानाच पडलेले असतात. जाळे गोल दिसते म्हणून हात गोल फिरवल्याने ते पडले, असा समज आहे. प्रत्यक्षात हे चरे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेवढेच चमकतात आणि बाकीचे दिसत नाहीत, म्हणून सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळाकार जाळे विणल्याचा भास होतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही तितकेच चरे असतात, फक्त काळ्या आणि गडद निळ्या रंगावर ते लपत नाहीत.

हे चरे नेमके कशावर पडतात हे कळले म्हणजे पुढचे सगळे सोपे होते. पत्र्यावर सगळ्यांत खाली विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर. हे सगळे मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते, म्हणजे लिहिण्याच्या कागदाच्या जवळपास. त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही कमी. आपल्याला जी खोली आणि चकाकी दिसते ती या एका थराची असते, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. पॉलिश करणे म्हणजे हा थर चऱ्याच्या तळापर्यंत झिजवणे. हलक्या हाताने केलेल्या एका पॉलिशमध्ये साधारण १ ते २ मायक्रॉन जातात, खोल चरे काढायचे असतील तर त्याहून बरेच अधिक. क्लिअर कोट ही अशी शिल्लक आहे की जी फक्त खर्च होते, तिच्यात भर पडत नाही. म्हणून 'चरे पडले तर पॉलिश करून घेऊ' हा विचार नव्या गाडीच्या मालकाने मनातून काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता धुळीकडे पाहू. धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, कण असतात. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह मापनात क्वार्ट्झ ७ वर आहे, खिडकीची काच साधारण ५.५ वर, आणि क्लिअर कोट तर एक प्रकारचे राळेसारखे प्लास्टिक आहे. असा कण रंगावर नुसता बसून राहिला तर काहीही बिघडत नाही. त्याच्यावर फडक्याचा दाब पडून तो सरकला की चरा उमटतो. रंगाचे वैर धुळीशी कमी आणि धुळीवर पडलेल्या दाबाशी अधिक आहे. कोरडे फडके, पिसांचा किंवा धाग्यांचा झाडू आणि एका बादलीत बुडवून पुन्हा पुन्हा फिरवलेले ओले फडके हे तिन्ही प्रकार धुळीला दाब देऊन ओढतात. ओले फडके निरुपद्रवी वाटते, परंतु फडक्यातल्या ओलाव्याने कण वाहून जात नाहीत. ते फडक्याला चिकटतात आणि पुढच्या भागावर घासले जातात. तेव्हा रोज पुसणे आजपासून बंद करावे. दोन दिवसांची कोरडी धूळ अंगावर घेऊन गाडी चालवण्याने रंगाचे काही जात नाही. हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवलेले असेल तर त्याला फक्त काचा पुसायला सांगावे आणि रंगाला हात लावू देऊ नये.

धुण्याची सगळी रीत यातूनच निघते: जितके कण स्पर्श न करता काढता येतील तितके आधी काढायचे, उरलेल्यांना भरपूर निसरडेपणा देऊन अलगद उचलायचे, आणि एकदा उचललेला कण पुन्हा रंगाला लागू द्यायचा नाही.

गाडी सावलीत उभी करावी आणि बॉनेटला हाताची पालथी बाजू लावून पाहावी. पत्रा कोमट लागला तरी थांबावे. गरम पत्र्यावर शाम्पू आणि पाणी वाळून डाग पडतात, आणि ते डाग काढताना पुन्हा घासावे लागते. सुरुवात चाकांपासून करावी, कारण त्यांवर ब्रेकमधून झडलेली लोहकणांची काळी पूड असते आणि ती धुताना उडणारे शिंतोडे आधीच स्वच्छ केलेल्या दारांवर पडू नयेत. चाकांची बादली, ब्रश आणि फडकी कायमची वेगळी ठेवावीत, त्यांवर खूण करावी आणि ती चुकूनही रंगाला लावू नयेत.

त्यानंतर संपूर्ण गाडीवर वरून खाली भरपूर पाणी सोडावे. छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दारे आणि शेवटी दारांच्या खालचा पट्टा व मडगार्डच्या आतली बाजू. प्रेशर वॉशर असेल तर रुंद फवाऱ्याचे, २५ किंवा ४० अंशांचे तोंड लावावे आणि रंगापासून किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. दगड लागून जेथे रंगाचा टवका उडाला असेल त्याच्या कडेवर, दारांच्या रबरी पट्ट्यांवर, बंपरमधल्या सेन्सरांवर आणि चिकटवलेल्या अक्षरांवर जवळून जोराचा झोत मारू नये. टवक्याच्या कडेतून पाणी शिरले की शेजारचा रंगही सुटतो. पाण्यानंतर फेस मारता आला तर उत्तम. जाड फेस चार-पाच मिनिटे अंगावर राहिला की चिखल आणि धूळ सैल होऊन स्वतःच खाली घसरू लागते. तो वाळण्यापूर्वी धुऊन टाकावा. फेस मारण्याचे यंत्र नसेल तर हातपंपाचा साधा फवारा चालतो, आणि तोही नसेल तर नळीने शांतपणे अधिक वेळ पाणी सोडले तरी बरेचसे काम होते. या टप्प्याचा लोकांना कंटाळा येतो, कारण हात लावल्याशिवाय गाडी स्वच्छ होते यावर विश्वास बसत नाही. पण मला एकच टप्पा निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन.

मग हाताने धुणे. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत नुसते स्वच्छ पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी ठेवता आली तर खाली बसलेली माती पुन्हा वर ढवळली जात नाही. लांब, मऊ धाग्यांच्या मायक्रोफायबरचा (अतिसूक्ष्म कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा) हातात घालायचा मोजा किंवा मेंढीच्या लोकरीचा मोजा वापरावा; सपाट स्पंज टाळावा, कारण कणाला आत शिरायला त्यात जागा नसते आणि तो स्पंज व रंग यांच्यामध्ये अडकून पडतो. मोजा शाम्पूत भिजवून बॉनेटच्या अर्ध्या भागावर फक्त स्वतःच्या वजनाने सरळ रेषेत फिरवावा, मग स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळबळून जाळीवर घासावा, पिळावा आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत बुडवावा. एका वेळी एवढाच भाग. सरळ रेषेने चरे थांबतात असे नाही. चुकून चरा पडलाच तर सरळ एका दिशेचा चरा कमी नजरेत येतो, एवढाच त्याचा उपयोग. दारांचा खालचा तिसरा हिस्सा, मागचा बंपर आणि चाकांमागचा भाग सर्वांत मळका असतो. तो शेवटी, शक्यतो दुसऱ्या मोजाने धुवावा.

मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाजूला ठेवावा. मी शिकाऊ असताना पडलेला मोजा बादलीत दोनदा खळबळून पुन्हा वापरला होता. धाग्यांत अडकून राहिलेल्या एका खड्याने एका गडद गाडीच्या दोन्ही दारांवर सलग रेघ ओढली. ती पूर्णपणे काढता आली नाही, कारण नख अडकेल इतका खोल चरा काढायला लागणारी जाडी क्लिअर कोटमध्ये नसते. तेव्हापासून हाताशी दोन जादा मोजे असल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

शाम्पू गाडीसाठी बनवलेला आणि पीएच उदासीन, म्हणजे ७ च्या आसपास असलेला घ्यावा. भांड्यांचा साबण तेल तोडण्यासाठी बनवलेला असतो. तो वॅक्स आणि सीलंट हे रंगावरचे संरक्षक लेप खरवडून नेतो आणि गाडीच्या शाम्पूइतका निसरडेपणा देत नाही. कपड्यांची पूड तर क्षारीय असते, शिवाय न विरघळलेले तिचे कण स्वतःच घासतात. शाम्पूचे बाटलीवर दिलेले प्रमाण पाळावे. जास्त घातल्याने गाडी अधिक स्वच्छ होत नाही, फक्त धुवायला अधिक पाणी लागते.

पुसून कोरडी करताना पुन्हा चरे पडण्याची संधी असते. शेवटचे पाणी नळीचे तोंड काढून, जोर न देता वाहत्या पडद्यासारखे वरून सोडावे. बरेचसे पाणी सोबत ओघळून जाते. नंतर मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल बॉनेटवर पसरून वरून हलकेच थोपटावा आणि उचलावा किंवा सावकाश एका दिशेने ओढावा. जोर लावून घासायची गरज पडली, तर ती टॉवेल पुरेसा शोषक नसल्याची खूण आहे. पारंपरिक चामड्याचा तुकडा पाणी चांगले टिपतो, परंतु त्याला लव नसते, त्यामुळे राहिलेला कण थेट रंगावर ओढला जातो. म्हणून मी तो वापरणे सोडले. आरसे, दारांच्या मुठी, दिव्यांच्या फटी आणि नंबर प्लेटमागून पाणी बराच वेळ झिरपते. हवेचा झोत मारता आला तर बरे, नाहीतर गाडी थोडी चालवून आणावी आणि ओघळ टिपून घ्यावेत. दारे उघडून आतली कड पुसावी आणि दारांच्या तळाशी असलेली पाणी निचरण्याची बारीक छिद्रे मोकळी आहेत का ते पाहावे. ती बुजली तर गंज आतून सुरू होतो आणि बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पाण्याविषयी वेगळे सांगायला हवे, कारण चांगली धुतलेली गाडीही पाण्यामुळे खराब झालेली मी पाहिली आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षार गोल कड्याच्या रूपात मागे राहतात. ताजा डाग वरवर बसलेला असतो. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, थंड पत्र्यावर, सावलीत, ओल्या मायक्रोफायबरने एखादा मिनिट ठेवून भरपूर पाण्याने धुतले तर तो जातो. मात्र तोच डाग अनेक आठवडे उन्हात भाजला तर क्लिअर कोटमध्ये उथळ खड्डा पडतो, आणि मग पॉलिशशिवाय इलाज नसतो. आपल्याकडचे पाणी जड असेल तर शेवटची खळबळ गाळण यंत्रातल्या क्षारमुक्त पाण्याने करावी किंवा निदान एकेक भाग धुऊन लगेच कोरडा करत जावे. बागेतल्या फवाऱ्याच्या टप्प्यात गाडी उभी करू नये. रोज थोडे शिंपडले जाणारे आणि रोज उन्हात वाळणारे पाणी सर्वांत वाईट.

पाणी कमी असेल तेव्हा न विसळता धुण्याचे द्रावण फार उपयोगी पडते. थोडे द्रावण बादलीभर पाण्यात मिसळतात. त्यातली पॉलिमर द्रव्ये कणाला वेढून निसरडा करतात आणि नंतर धुवावे लागत नाही. आठ-दहा मायक्रोफायबर त्यात भिजवून ठेवावीत, आधी त्याच द्रावणाचा फवारा मारून मिनिटभर थांबावे, फडके दोनदा दुमडून मिळणाऱ्या आठ बाजूंपैकी प्रत्येक बाजू एकदाच वापरावी आणि मळलेले फडके पुन्हा बादलीत टाकू नये. आठवड्याभराच्या साध्या धुळीसाठी ही रीत पुरते. वाळलेल्या चिखलाला ती लावू नये.

फडक्यांची निगा हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग आहे. मायक्रोफायबर वेगळे धुवावेत, सुती कपड्यांसोबत टाकल्यास त्यांत लव अडकते. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये, त्याने धाग्यांवर थर बसून ते पाणी शोषेनासे होतात. शिवणीच्या कडेला टोचणारे लेबल असेल तर ते पहिल्याच दिवशी कापून टाकावे.

आता ज्या गोष्टींसाठी पुढच्या धुण्याची वाट पाहायची नाही, त्यांविषयी. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात पत्रा तापतो तेव्हा क्लिअर कोट किंचित मऊ होऊन प्रसरतो, वाळणारी विष्ठा त्याला घट्ट धरून बसते, आणि संध्याकाळी थर आकसताना तिच्या खडबडीत पृष्ठभागाचा ठसा घेतो. म्हणून डाग निघाल्यानंतरही तेथे निस्तेज, सुरकुतलेला आकार उरतो. कडक उन्हात यासाठी एक दिवसही पुरतो. कोरडी विष्ठा खरवडणे किंवा कोरड्या कागदाने पुसणे टाळावे, तिच्यात बियांचे आणि वाळूचे कण असतात. भिजवलेले मायक्रोफायबर त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे, ती मऊ झाली की दाब न देता उचलून घ्यावी, मग ती जागा पाण्याने धुवावी. पाण्याची एक छोटी फवारा-बाटली आणि दोन फडकी डिकीत कायम ठेवण्याने जितका रंग वाचतो तितका महागड्या लेपानेही वाचत नाही. पुढच्या भागावर चिकटलेले किडे याच पद्धतीने आणि त्याच दिवशी काढावेत. झाडाचा चीक वाळण्यापूर्वी कोमट पाण्याने निघतो, वाळल्यानंतर त्यासाठी आणि डांबराच्या ठिपक्यांसाठी खास द्रावण लागते. ते एखाद्या आडजागी करून पाहावे आणि लगेच धुवावे.

नवी गाडी वाहतुकीत रेल्वे किंवा मोठ्या वाहनांवरून येते, उघड्या आवारात उभी राहते, आणि रुळांवरून वा ब्रेकमधून उडालेले बारीक लोहकण तिच्या रंगात रुतून बसतात. पांढऱ्या गाडीवर ते काही महिन्यांनी नारिंगी ठिपक्यांच्या रूपात दिसू लागतात, गडद गाडीवर दिसत नाहीत पण असतात. गाडी धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटे फिरवा. वाळूच्या कागदासारखी खरखर जाणवली तर ते आहेत. त्यांसाठी लोहकण विरघळवणारा फवारा मिळतो. लोहाशी संयोग होऊन तो जांभळा होतो आणि काही मिनिटांनी धुऊन टाकायचा असतो, वाळू द्यायचा नाही. उरलेल्या खरखरीसाठी क्ले बार असतो. ही मऊ मातीसारखी वडी निसरड्या द्रवावरून फिरवली की वर आलेले कण कापून नेते. गडद आणि मऊ रंगावर मात्र ती स्वतःचे पुसट ओरखडे ठेवते, म्हणून क्ले बार तेव्हाच वापरावा जेव्हा त्यानंतर हलके पॉलिश करायचे ठरलेले आहे. दर महिन्याला वडी फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. वर्षातून एकदाही गरज पडली नाही तर आनंद मानावा.

वॅक्स किती दिवसांनी लावावे, हा आपल्या परिचिताचा मुद्दा एका विशिष्ट परिस्थितीत बरोबर आहे, आपल्या परिस्थितीत नाही. कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे गाडी कारखान्याबाहेर पडते तेव्हा तिचा रंग पूर्ण तयार असतो आणि त्यावर पहिल्या दिवशीही संरक्षण लावता येते. अपघातानंतर एखादा भाग पुन्हा रंगवला जातो तेव्हा मात्र गाडीतले प्लास्टिक आणि वायरिंग बसवलेले असल्यामुळे इतकी उष्णता देता येत नाही. तो रंग साधारण ६० अंशांवर किंवा नुसत्या हवेत वाळवतात. त्यातले द्रावक पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहते आणि वरून लेप दिल्यास अडकते. अशा भागासाठी दोन-तीन महिने थांबण्याचा सल्ला योग्य आहे.

आता लेपांविषयी. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळते. ते लावल्याने गडद रंगाला फार सुंदर ऊब येते, पण उन्हात आणि शाम्पूपुढे ते एक-दोन महिन्यांपेक्षा क्वचितच टिकते. कृत्रिम सीलंट लावायला तितकेच सोपे असते आणि साधारण चार ते सहा महिने टिकते. सिरॅमिक कोटिंग हे सिलिकावर आधारलेले द्रव आहे. ते क्लिअर कोटला रासायनिकरीत्या धरून कडक होते आणि नीट निगा राखल्यास काही वर्षे राहते. त्याची जाडी मात्र एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. 'कठीणता ९ एच' असे जे छापलेले असते ते पेन्सिलीने ओरखडून पाहण्याच्या चाचणीतले मापन आहे, मोह मापनातले ९ नव्हे. ९ एचची पेन्सिल टिकली म्हणजे ७ कठीणतेची वाळू टिकली असे होत नाही. कोटिंगने मळ कमी चिकटतो, धुणे सोपे होते, चकाकी टिकते, विष्ठा काढायला थोडा अधिक वेळ मिळतो. चुकीच्या हाताने पुसल्याचे चरे त्यावरही पडतात आणि उडालेला दगड ते अडवत नाही. जड पाण्याचे डाग तर त्यावर अधिक ठळक दिसतात, कारण पाणी गोल थेंबांत उभे राहून तेथेच वाळते.

टेफ्लॉन कोटिंग या नावाने जे विकले जाते त्याविषयी एवढेच सांगतो की टेफ्लॉन पृष्ठभागावर पक्के बसवायला ३०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णता लागते आणि गाडीचा रंग ती सहन करू शकत नाही. त्या नावाखाली मिळणारा लेप फार तर एक चांगला सीलंट असतो, आणि त्याच हिशेबाने त्याचे पैसे द्यावेत.

दगडापासून खरोखर वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पीपीएफ, पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे खालच्या सगळ्या रंगाहून जाड, आणि चांगल्या फिल्मवरचे पुसट चरे उन्हाच्या उष्णतेने भरून येतात. संपूर्ण गाडीला लावणे खर्चिक आहे. महामार्गावर बराच प्रवास असेल तर पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांची पाठ आणि दारांच्या मुठींमागच्या खोबण्या एवढ्यावर लावली तरी बहुतेक लाभ मिळतो. लावणारा माणूस फिल्म गाडीवर ठेवून पात्याने कापतो की आधीच मापाने कापून आणतो, हे जरूर विचारावे. रंगावर फिरलेल्या पात्याची रेघ पुढे गंजाची वाट होऊ शकते. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, रंगाची गाडी असेल तर हे सगळे गणित बदलते: तिला पॉलिश आणि सामान्य वॅक्स कधीही लावू नये, कारण चमकलेला डाग पुन्हा मॅट करता येत नाही.

आपल्यासाठी माझे मत असे. विक्रेत्याच्या कोटिंगला आत्ता होकार देऊ नका. कोटिंगखाली जे असते ते बंदिस्त होते. बॉनेटवरच्या आजच्या रेषा तशाच राहतील आणि पुढे त्या काढायच्या तर आधी कोटिंगच घासून काढावे लागेल. लोहकण काढून एक चांगला सीलंट स्वतः लावा आणि तीन-चार महिने वर सांगितल्याप्रमाणे धुण्याचा हात बसू द्या. त्यानंतर कोटिंग हवे असेलच तर करणाऱ्याला विचारा की आधी पृष्ठभाग कसा तयार करणार, पॉलिश किती टप्प्यांचे, आणि लावल्यानंतर गाडी किती तास कोरड्या जागी ठेवणार. पहिला दिवस तिला पाणी लागू नये आणि साधारण आठवडाभर शाम्पू लावू नये. संध्याकाळी लावून रात्री गाडी परत देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

कापडी आवरण घालावे का, असेही आपण शेवटी विचारले आहे. बंद जागेत उभ्या, स्वच्छ गाडीवर मऊ आवरण चालते. उघड्यावर, धूळ बसलेल्या गाडीवर वाऱ्याने हलणारे आवरण दिवसभर तीच धूळ घासत राहते, आणि पावसात त्याखाली ओल कोंडते. फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईत गाडी घालू नका. आधीच्या गाडीचा चिखल त्या ब्रशांत असतो.

राहिल्या आजच्या रेषा. त्या काढण्याची घाई करू नका, कारण धुण्याची पद्धत बदलण्यापूर्वी पॉलिश केले तर महिन्याभरात नव्या रेषा येतील आणि क्लिअर कोटचे दोन मायक्रॉन व्यर्थ गेलेले असतील. हात बसल्यावर एकदाच, सर्वांत सौम्य पॉलिशने आणि मऊ पॅडने काम करून घ्या. नुसते तेलकट ग्लेझ चोळून रेषा बुजवणारेही असतात. त्या दोन-तीन धुण्यांनंतर परत दिसू लागतात, म्हणून पॉलिश झाल्यावर ती जागा अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून उन्हात दाखवायला सांगा. कामाच्या आधी आणि नंतर जाडी मोजण्याच्या यंत्राने प्रत्येक भागावर तीन-चार ठिकाणी माप घ्यायला लावा. हे यंत्र चारही थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची सांगत नाही. तरीही दोन मापांतला फरक किती रंग गेला ते दाखवतो, आणि एखाद्या भागाचे माप इतरांपेक्षा फार वेगळे आले तर तो भाग आपल्याकडे येण्यापूर्वीच पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता असते. ही मापे तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. पुढच्या वेळी पॉलिशचा विषय निघेल तेव्हा किती शिल्लक आहे हे पाहूनच होकार किंवा नकार देता येईल.